लेकीच्या पोटात केसांचा गोळा: ऑपरेशन टळेल का?

पत्र:

डॉक्टर, नमस्कार. माझी मुलगी 9 वर्षांची आहे, चौथीत शिकते. दिवाळीपासून तिचं खाणं कमी होत गेलं. दोन घास खाल्ले की पोट भरलं म्हणते. मध्येच उलटी होते, पोट दुखतं म्हणून शाळेतून घरी पाठवतात. वजन 20 किलोवर आलंय. गावातल्या डॉक्टरांनी तीनदा जंताचं औषध दिलं, ॲसिडिटीचं सिरप दिलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. शेवटी बार्शीला सोनोग्राफी केली. तिथले डॉक्टर म्हणाले, जठरात केसांचा गोळा दिसतोय, सोलापूरला मुलांच्या सर्जनकडे न्या, ऑपरेशन लागेल. मुलगी देवाशपथ सांगते की ती केस खात नाही. तिच्या डोक्यावर उजव्या बाजूला केस विरळ झालेत, ते आम्ही चाई समजून तेल लावत होतो. शेजारच्या मावशी म्हणतात, एरंडेल दिलं की सगळं पडून जाईल. नणंद म्हणते, दुर्बिणीतून निघतं, कापायची गरज नाही. ह्यांचं म्हणणं, सोनोग्राफीच चुकली असेल. सासूबाई म्हणतात, मुंडण करून टाका. ऑपरेशन खरंच लागेल का? पोटावर व्रण राहिला तर पुढे लग्नाला, मूल व्हायला अडचण येईल का? आणि डॉक्टर म्हणाले, नंतर मानसोपचारवाल्यांनाही दाखवा. माझी पोरगी वेडी आहे का हो? मला झोप नाही.
एक आई, जि. सोलापूर

उत्तर:

ताई, सगळ्यात आधी एरंडेलाची बाटली उचलून ठेवा. बाकीचं उत्तर सावकाश वाचलंत तरी चालेल.

एरंडेलाने आतडी जोरात हलतात. वाट मोकळी असेल तर ठीक. इथे जठराच्या दारात गोळा बसलेला आहे. तो बाहेर पडण्याइतका लहान असता तर कधीच पडला असता. त्याचा एखादा तुकडा सुटून लहान आतड्यात जाऊन अडकला, तर आज जे ऑपरेशन दिवस ठरवून होणार आहे ते रात्री 2 वाजता, पोट फुगलेल्या मुलीवर करावं लागेल. बेंबी सरकली म्हणून कुणाकडून पोट चोळून घ्यायचा बेत असेल तर तोही सोडा. कोल्ड्रिंक पाजून गोळा विरघळतो असं कुणीतरी मोबाइलवर दाखवेल. त्यात थोडं तथ्य आहे, पण ते फळांच्या आणि भाज्यांच्या चोथ्यापासून झालेल्या गोळ्यांपुरतं. केसांवर त्याचा काही परिणाम होत नाही.

असं का, ते सांगते. केस म्हणजे केराटिन, आपली नखं ज्याची बनतात तेच. जठरातलं आम्ल आणि पाचकरस त्याला पचवू शकत नाहीत. केस बारीक आणि गुळगुळीत असल्यामुळे जठराच्या आकुंचनाने तो पुढेही ढकलला जात नाही, आतल्या वळ्यांत अडकून बसतो. त्यात दुसरा गुंततो, मग दहावा, शंभरावा. वर अन्न आणि चिकट स्राव यांचा थर बसतो. महिन्यामागून महिने असं चाललं की जठर भरत जातं. ऑपरेशनमध्ये असा गोळा बाहेर येतो तेव्हा तो साच्यात ओतून काढल्यासारखा हुबेहूब जठराच्या आकाराचा असतो, एका अंगाला फुगीर, दुसरीकडे निमुळता. मुलीचे केस भुरे असले तरी गोळा काळाकुट्ट निघतो, कारण आम्लाने केसांचा रंग बदलतो. आणि त्याला वास असतो. अडकलेलं अन्न आत कुजत असतं. आमच्या थिएटरमधली माणसं अशा दिवशी न सांगता दोन-दोन मास्क लावतात. तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण दात घासूनही तिच्या तोंडाला वास येतो का, बघा. बहुतेक येत असेल.

आता तुमच्या मिस्टरांची शंका. ती मला अजिबात वेडगळ वाटत नाही. सोनोग्राफीत असा गोळा स्पष्ट चित्र म्हणून दिसतच नाही. दिसते ती एक चमकदार कमान आणि तिच्यामागे गडद सावली, कारण केसांत कोंडलेली हवा लहरींना पुढे जाऊ देत नाही. जेवण झालेल्या पोटातला वायूही कधी कधी असाच फसवतो. म्हणून सोलापूरचे सर्जन उपाशीपोटी पुन्हा तपासणी करतील, बहुधा सीटी स्कॅन सांगतील. सीटीत गोळा जठराच्या भिंतीपासून सुटा दिसतो, त्यात हवेचे बारीक बारीक बुडबुडे पसरलेले असतात, आणि त्याची शेपटी लहान आतड्यात किती लांब गेली आहे याचा अंदाज येतो. दुसरंही एक कारण आहे. मुलांच्या पोटात वरच्या बाजूला गाठ लागली तर ती वाढलेली प्लीहा असू शकते, मूत्रपिंडाची किंवा इतर कसली गाठ असू शकते. ते सगळं आधी बाजूला काढावं लागतं. शंकेला जागाच नको असेल तर एंडोस्कोपी, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठरात थेट बघणं. तिथे केस दिसले की वाद संपला.

तरी खरं सांगू का, तुमच्या पत्रातच निम्मं निदान लिहिलेलं आहे. दोन घासांत पोट भरणं, उलट्या, उतरलेलं वजन, आणि डोक्यावरची विरळ जागा. चाई पडते तिथे कातडी गुळगुळीत होते, केसच नसतात. केस उपटल्याने झालेल्या जागी हात फिरवला तर खुंट लागतात, एक लांब, एक आखूड, एक तुटका. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलीची जागा पुष्कळदा उजवीकडेच असते. उद्या वेणी घालताना हळूच बघा. मात्र तिला सांगत बसू नका की तू काय केलंस ते मी शोधून काढतेय.

जंताचं औषध तीनदा देताना कुणी तिला टेबलावर झोपवून पोटावर हात ठेवला होता का, हे मला विचारावंसं वाटतं. असा गोळा वाढलेला असेल तर डाव्या बरगडीखाली कडक, थोडी हलणारी गाठ हाताला लागते. वजन घटणाऱ्या, खाणं सोडलेल्या मुलीला न तपासता तिसऱ्यांदा जंताची गोळी देणं हे मला पटत नाही. असो. बार्शीच्या डॉक्टरांनी नेमकं ओळखलं आणि योग्य ठिकाणी पाठवलं, त्यांचे आभार माना.

नणंदेचा मुद्दा बऱ्याच घरांत निघतो. दुर्बीण म्हणताना लोक दोन वेगळ्या गोष्टी एकत्र करतात. तोंडातून जी जाते ती एंडोस्कोपी. तिच्यातून चिमट्याने गोळा ओढून काढायचा प्रयत्न करता येतो, पण गोळा लहान आणि सैल असेल तरच. घट्ट बसलेल्या गोळ्याचे तुकडे करत पुन्हा पुन्हा अन्ननलिकेतून ओढले तर अन्ननलिकेला इजा होते आणि सुटलेले तुकडे पुढे आतड्यात सरकतात. 2010 मध्ये अशा 108 रुग्णांच्या नोंदींचा एक आढावा प्रसिद्ध झाला. त्यातल्या 40 जणांत तोंडातून काढण्याचा प्रयत्न झाला होता. जमलं दोघांत.

दुसरी दुर्बीण पोटाला छोटी छिद्रं पाडून घालतात, ती लॅप्रोस्कोपी. त्याच आढाव्यात 8 प्रयत्नांपैकी 6 यशस्वी झाले. म्हणजे अशक्य नाही, पण वेळ फार जातो, आणि कुजलेल्या केसांचे पुंजके पोटाच्या पोकळीत सांडले तर जंतुसंसर्गाची भीती. शिवाय एवढा मोठा गोळा बाहेर काढायला शेवटी एक छेद मोठा करावाच लागतो. पोट उघडून केलेलं ऑपरेशन जवळजवळ प्रत्येक वेळी यशस्वी होतं. म्हणून सर्जन ‘ओपन करू’ म्हणाले तर त्यांना जुन्या वळणाचे समजू नका आणि दुर्बिणीचा हट्ट धरू नका.

तर हो, ऑपरेशन लागेल. गोळा ठेवून भागत नाही. त्याच्या घासण्याने जठरात व्रण पडतात, रक्त झिरपतं, क्वचित भिंतीला भोक पडतं. खाल्लेलं अंगी लागत नाही, हिमोग्लोबिन उतरतं, प्रथिनं कमी होतात.

ऑपरेशनच्या दिवशी काय होतं ते ऐका, म्हणजे मनातली भीती जरा आटोक्यात येईल. पूर्ण भूल देतात. बेंबीच्या वर, मधोमध छेद घेतात. जठराच्या पुढच्या भिंतीला चीर देऊन गोळा अखंड उचलतात, शेपटी असेल तर तीही न तोडता हळूहळू ओढून काढतात. मग सर्जन सगळं लहान आतडं सुरुवातीपासून शेवटपर्यंत बोटांतून सरकवत तपासतात. एखादा सुटा तुकडा पुढे जाऊन बसलेला असला तर तो तिथेच सापडतो. ही पायरी फार महत्त्वाची, आणि ती घाईत होत नाही. म्हणून आत वेळ लागला तर दाराशी घाबरून बसू नका. नंतर काही दिवस नाकातून नळी, सलाईन, मग पाण्याचे घोट, मग पेज. सगळं सुरळीत गेलं तर साधारण आठवड्याभरात घरी. हिमोग्लोबिन फार कमी असेल तर आधी रक्त द्यावं लागेल, त्याला नाही म्हणू नका. घरी आल्यावर भूक अचानक उघडेल. तरी थोडं थोडं आणि वारंवार द्या. महिनोन् महिने कमी खाल्लेल्या शरीराला एकदम पोटभर सोसत नाही.

व्रण राहील. वयाबरोबर फिका होईल. गर्भाशय या सगळ्यापासून लांब, ओटीपोटात असतं. जठरावरच्या टाक्यांचा आणि मूल होण्याचा काही संबंध नाही. लग्नाचं म्हणाल तर चौथीतल्या मुलीच्या पोटावरचा टाका बघून नकार देणाऱ्या घराची चिंता आज कशाला?

सोलापूरची तारीख मिळेपर्यंत एवढं ध्यानात ठेवा. हिरवी उलटी, रक्ताची किंवा काळपट उलटी, डांबरासारखी काळी शी, पोट फुगून शी आणि वारा दोन्ही बंद होणं, पोट लाकडासारखं कडक होऊन मुलीला हात लावू न देणं, दुखण्याबरोबर ताप. यातलं एकही दिसलं तर सकाळची वाट बघू नका. खायला-प्यायला काही न देता, औषधही न देता, सरळ मोठ्या दवाखान्यात. 108 ला फोन केला की रुग्णवाहिका येते.

आता मुलीविषयी. तुमच्या पत्रातला खरा अवघड भाग मला हाच वाटतो. गोळा तासा-दोन तासांत निघेल. पण तो झाला कसा, हे तसंच राहिलं तर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच. दुसऱ्यांदा गोळा झालेल्या मुली आम्ही बघतो.

ती शपथ घेऊन नाही म्हणते. तिला खोटारडी ठरवू नका. केस ओढणं बरेचदा तिच्याही नकळत होतं. टीव्ही बघताना, पाठांतर करताना, झोप लागायच्या आधी बोट केसांत जातं, एक केस निघतो, ओठांवरून फिरतो, मुळाकडचं टोक दाताखाली येतं, गिळला जातो. आणि जेव्हा कळत असतं तेव्हा लाज वाटते. तुम्ही सगळे तिच्याभोवती बसून ‘खरं सांग’ म्हणालात तर नऊ वर्षांचं लेकरू दुसरं काय म्हणणार? कबुलीची गरजच नाही. सर्जनला ती लागत नाही, मानसोपचारतज्ज्ञालाही पहिल्या दिवशी लागत नाही. तिला एवढंच सांगा: पोटात केस अडकलेत, डॉक्टर काढणार आहेत, तुझ्यावर कुणी रागावलेलं नाही.

केस तिच्या डोक्यावरचेच असतील असंही नाही. बाहुलीचे, घोंगडीचे, लोकरीच्या स्वेटरचे धागे मुलं खातात. आपल्याकडे तर घरोघरी गुंतवळ जपून ठेवतात, केसांवर भांडी देणाऱ्या बाया आल्या की द्यायला. खिडकीच्या गजात खोचलेली ती पुरचुंडी आजच काढा. ती माती, खडू, पाटीवरची पेन्सिल खाते का, तेही डॉक्टरांना सांगा. असं खाणं आणि शरीरात लोह कमी असणं ही जोडी नेहमीची आहे.

ती वेडी आहे का? नाही. केस उपटायची आणि गिळायची सवय हा ओळखीचा आजार आहे, त्याला नाव आहे, उपचार आहे. गोळ्याची पहिली वैद्यकीय नोंद फ्रान्समध्ये 1779 साली झाली. शेपटी आतड्यात उतरलेल्या गोळ्याला 1968 मध्ये अमेरिकेतल्या डॉक्टरांनी परीकथेतल्या लांब केसांच्या रापुन्झेलचं नाव दिलं, तेच आजही रिपोर्टवर लिहितात. 2007 मध्ये शिकागोच्या एका 18 वर्षांच्या मुलीच्या पोटातून साधारण साडेचार किलोचा गोळा काढल्याचं प्रसिद्ध झालं. हे गावाचं, गरिबीचं किंवा तुमच्या वळण लावण्याचं फळ नव्हे. दहातले नऊ रुग्ण मुलीच असतात, आणि बहुतेक लहान किंवा वयात येणाऱ्या. केस उपटणाऱ्या सगळ्यांच्याच पोटात गोळा होतो असंही नाही. गिळणारे त्यातले थोडे, आणि ऑपरेशनपर्यंत येणारे त्याहून फार थोडे.

मानसोपचारतज्ज्ञ तिला कोंडून ठेवणार नाहीत की शॉक देणार नाहीत. ज्या उपचाराचा सगळ्यात भरवसा आहे तो बोलण्याचा आणि सरावाचा आहे. हात केसांकडे कधी जातो हे आधी तिला स्वतःला ओळखायला शिकवतात. मग त्या क्षणी दुसरं काहीतरी करायचं, मूठ घट्ट आवळून मिनिटभर धरायची, हातात मऊ चेंडू दाबायचा. रात्री रुमाल बांधायचा, अभ्यासाला बसताना केस घट्ट वेणीत. ऐकायला किरकोळ वाटतं, पण आठवड्यामागून आठवडे टिकवलं तर फरक पडतो. या सवयीवर हमखास चालणारी गोळी मात्र नाही. मोठ्या माणसांत उपयोगी वाटलेलं एन-ॲसिटिलसिस्टीन मुलांना देऊन बघितलं गेलं. 2013 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत खोट्या गोळीपेक्षा त्याचा जास्त फायदा दिसला नाही. सोबत चिंता किंवा उदासी असेल तर तिच्या औषधाचं तज्ज्ञ ठरवतील.

ते तुम्हालाही प्रश्न विचारतील. दिवाळीच्या आसपास, किंवा त्याआधी, घरात काही बदललं का, शाळेत कुणी छळतं का, कुणाची भीती वाटते का, कुणी तिच्या अंगाला नको तसा हात लावला का. शेवटचा प्रश्न ऐकून दचकू नका, तो प्रत्येक अशा मुलीच्या बाबतीत विचारायचाच असतो. आणि पुष्कळदा उत्तर ‘काहीच नाही’ असंही येतं. मग घरात दोषी शोधत बसू नका, सासूबाईंनाही नाही आणि स्वतःलाही नाही.

मुंडणाबद्दल सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि नको म्हणा. केस आखूड कापल्याने ओढायला अवघड जातं हे खरं. मुलीला पसंत असेल तर बॉबकट करा, तिला आरशासमोर बसवून, तिला विचारून. पण शिक्षा म्हणून डोकं भादरलं तर वर्गात चिडवतील, आणि ज्या ताणातून हात केसांकडे जातो तो दुप्पट होईल. केस महिन्याला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात, म्हणजे चिडवणं वर्षभर चालेल.

पैशांचं तुम्ही लिहिलं नाही, तरी सांगते. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत हे ऑपरेशन बसतं का, ते रेशन कार्ड आणि आधार घेऊन योजनेतल्या रुग्णालयाच्या आरोग्यमित्राला दाखल व्हायच्या आधी विचारा. 155388 हा त्यांचा नि:शुल्क क्रमांक आहे. शाळेतल्या मुलांसाठी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे, त्याच्या पथकाकडूनही चिठ्ठी मिळू शकते. ऑपरेशननंतर समुपदेशनाला लगेच जाता आलं नाही तर 14416 वर टेलिमानसला फोन करा, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत. टाके निघाल्यावर ‘झालं एकदाचं’ म्हणून फिरकणं बंद करू नका. काही महिन्यांनी वजन, हिमोग्लोबिन आणि एक सोनोग्राफी, असं पहिली एक-दोन वर्षं तरी चालू ठेवा.

एक विनंती घरच्या सगळ्यांना. ऑपरेशन झाल्यावर सर्जन ट्रेमधला गोळा तुमच्या मिस्टरांना दाखवतील. तो बघितला की मोबाइल काढावासा वाटतो. फोटो काढू नका, काढलाच तर नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकू नका. संध्याकाळपर्यंत तो अख्ख्या तालुक्यात जातो, आणि गावात राहायचं तुमच्या मुलीला आहे. कुणी बातमी करायला आलं तर तुमची परवानगी लागते, आणि ती नाकारायचा तुम्हाला अधिकार आहे. शाळेसाठी दाखला मागताना त्यावर ‘पोटाची शस्त्रक्रिया, सहा आठवडे खेळाचा तास नको’ एवढंच लिहून घ्या. आठवडे किती ते तुमचे सर्जन सांगतील तसं.